हिरव्या सोन्याचे ऋण : डोमिनिकाची आर्थिक घसरण आणि म्हैसूरच्या केळीबाजारातील धडा

म्हैसूर : केळ्याचा दर कोण ठरवतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. कॅरिबियन समुद्रातील एका चिमुकल्या राष्ट्राचे भवितव्य मात्र याच प्रश्नाच्या उत्तराने बदलले. डोमिनिका हे त्या राष्ट्राचे नाव. तेथील केळीची बाग सुकली म्हणून हा देश अडचणीत आला नाही. बाग उभी होती, घड लागत होते, बंदरात बोटही येत होती. बदलला तो हजारो मैलांवर केलेला एक नियम. एकच पीक, एकच ग्राहक आणि दुसऱ्याने केलेला नियम या तिन्हींवर विसंबलेली अर्थव्यवस्था किती लवकर खचते, हे समजून घेण्यासाठी म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातील बाजारापासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

देवराज मोहल्ल्याची केळ्यांची ओळ

देवराज मोहल्ल्यातील देवराज बाजार हा म्हैसूर संस्थानाच्या काळापासूनचा, शंभर वर्षांहून जुना बाजार आहे. त्याच्या कडेने जाणाऱ्या मार्गाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव आहे आणि दसऱ्याची प्रसिद्ध मिरवणूक याच मार्गाने जाते. दक्षिणेकडील टोकाला 'चिक्क गडियार' म्हणजे लहान घड्याळाचा मनोरा आहे. आत फुलांचे हार, कुंकवाचे ढीग, विड्याची पाने आणि केळी यांच्या वेगवेगळ्या ओळी आहेत.

केळ्यांच्या ओळीत एकच केळे मिळत नाही. वेलचीइतके नाजूक म्हणून 'एलक्की बाळे', पिकल्यावरही सालीवर हिरवी छटा राखणारे 'पच्चबाळे', केरळी पद्धतीच्या तळणीसाठीचे नेंद्रन आणि या सर्वांत मानाचे 'नंजनगूड रसबाळे'. म्हैसूरच्या दक्षिणेस कपिला नदीकाठी वसलेल्या नंजनगूड परिसरातील या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पातळ साल, लोण्यासारखा गर आणि विशिष्ट सुवास ही त्याची ओळख. गोव्यातील वाचकांना 'रसबाळी' हे नाव नवे नाही.

या ओळीत माल आणणारे, घाऊक घेणारे, किरकोळ विकणारे आणि घासाघीस करणारे गिऱ्हाईक असे अनेक हात असतात. एका जातीचा माल कमी आला तर दुसरी जात विकली जाते. एका व्यापाऱ्याने कमी दर दिला तर शेतकऱ्याला दुसरा विचारता येतो. हा व्यवहार आदर्श आहे असे नाही. अडत, नासाडी आणि उधारी यांचा जाच येथेही आहे. तरीही दर ठरवण्याची सत्ता एकाच्या हाती एकवटलेली नाही. डोमिनिकाच्या शेतकऱ्याला नेमकी हीच गोष्ट कधी लाभली नाही.

डोमिनिका कोठे आहे?

डोमिनिका आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन वेगळे देश आहेत. डोमिनिका हे सुमारे ७५० चौरस किलोमीटरचे, ज्वालामुखीजन्य डोंगरांचे बेट आहे. लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम तालुका-शहराएवढी. राजधानी रोझो. ब्रिटिश सत्तेकडून हा देश ३ नोव्हेंबर १९७८ रोजी स्वतंत्र झाला. कोरोनाकाळात, २०२१ च्या फेब्रुवारीत, भारताने पाठविलेल्या लशींमुळे हे नाव अनेक भारतीयांनी प्रथमच ऐकले.

या बेटाचा इतिहास एका पिकाकडून दुसऱ्या पिकाकडे जाण्याचा आहे. कॉफी आली आणि रोगाने गेली. ऊस डोंगरउतारावर फारसा रुजला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे बेट लिंबाच्या रसासाठी जगात नावाजले होते. रोग आणि वादळे यांनी तेही पीक मोडले. प्रत्येक वेळी एकाच पिकावर सारा भार टाकायचा आणि ते कोसळले की नव्या एकाच पिकाच्या शोधात निघायचे, ही रीत वसाहतीच्या मळेव्यवस्थेने घालून दिली होती.

'हिरवे सोने' आले कसे?

१९५० च्या दशकात गीस्ट या ब्रिटिश कंपनीने विंडवर्ड बेटांवरील, म्हणजे डोमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा येथील केळी विकत घेण्यास सुरुवात केली. कंपनीची बोट ठरावीक दिवशी बंदरात येई. शेतकरी घड उतरवून माल पोहोचता करी आणि नियमाने पैसे हाती पडत. ऊस किंवा कॉफीप्रमाणे वर्षभर वाट पाहावी लागत नव्हती. केळीला 'हिरवे सोने' म्हटले जाऊ लागले, ते याच नियमित पैशामुळे.

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. लॅटिन अमेरिकेत केळी मोठ्या कंपन्यांच्या सपाट, विस्तीर्ण मळ्यांत मजुरांकडून पिकवली जाते. विंडवर्ड बेटांवर ती लहान शेतकऱ्यांच्या काही एकरांच्या, चढउताराच्या बागांत पिकत होती. केळीच्या पैशातून घरे पक्की झाली, मुले शाळेत गेली, गावागावांत रस्ते झाले. डोमिनिकाच्या वस्तुनिर्यातीचा निम्म्याहून अधिक हिस्सा एकट्या केळीचा झाला.

मात्र या भरभराटीला आधार होता तो संरक्षित बाजाराचा. ब्रिटनने आपल्या जुन्या वसाहतींच्या केळीसाठी बाजारपेठ राखून ठेवली होती. १९७५ च्या लोमे करारात युरोपने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक भागांतील जुन्या वसाहतींच्या केळीला तिचे स्थान टिकवण्याची हमी दिली. डोंगरउतारावर पिकलेल्या केळ्याचा खर्च अधिक होता. तो भरून निघत होता, कारण त्या बाजारात स्वस्त केळ्याला मुक्त प्रवेश नव्हता.

नियम बदलला, तो का?

१९९३ मध्ये युरोपची एकल बाजारपेठ अस्तित्वात आली. तोपर्यंत प्रत्येक युरोपीय देशाचे केळीधोरण स्वतंत्र होते. जर्मनीत लॅटिन अमेरिकेचे केळे शुल्काविना येई, तर ब्रिटन आणि फ्रान्स जुन्या वसाहतींना झुकते माप देत. एका बाजारात दोन नियम चालणार नव्हते. म्हणून १ जुलै १९९३ पासून सर्व युरोपसाठी एकच व्यवस्था लागू झाली. जुन्या वसाहतींच्या केळीला ठरावीक कोट्यापर्यंत शुल्कमाफी, लॅटिन अमेरिकेच्या केळीवर शुल्क आणि कोटा, तसेच आयातीसाठी परवाने असे तिचे स्वरूप होते.

या व्यवस्थेला लॅटिन अमेरिकी उत्पादकांनी आणि तेथील केळीचा व्यापार करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी विरोध केला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिका, इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास आणि मेक्सिको यांनी तिच्याकडे तक्रार दाखल केली. अमेरिका स्वतः केळीचा निर्यातदार देश नाही, ही गोष्ट तेव्हा अनेकांना खटकली. परंतु व्यापार करणाऱ्या कंपन्या अमेरिकेच्या होत्या आणि सेवाव्यापाराचे नियम त्यांच्या बाजूने वापरता येत होते.

१९९७ मध्ये निर्णय युरोपच्या विरोधात गेला. युरोपने केलेले बदल अपुरे ठरले तेव्हा १९९९ मध्ये अमेरिकेला १९ कोटी १४ लाख डॉलर मूल्याच्या युरोपीय मालावर दंडात्मक शुल्क लावण्याची परवानगी मिळाली. युरोपातील हँडबॅगा, सुती चादरी, कॉफीची यंत्रे अशा वस्तूंना केळ्याच्या वादाची किंमत मोजावी लागली. २००६ पासून युरोपने कोटा बाजूला ठेवून लॅटिन अमेरिकी केळीवर टनामागे १७६ युरो एवढे शुल्क ठेवले. डिसेंबर २००९ च्या जिनिव्हा करारात ते टप्प्याटप्प्याने ११४ युरोपर्यंत उतरवण्याचे ठरले. नोव्हेंबर २०१२ मध्ये या वादावर औपचारिक पडदा पडला.

जवळजवळ वीस वर्षे चाललेल्या या 'केळीयुद्धा'त दोन्ही बाजूंना मोठे देश आणि मोठ्या कंपन्या होत्या. युरोपच्या केळीबाजारात कॅरिबियन बेटांचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच होता. मोठ्यांसाठी तो तपशील होता. डोमिनिकासाठी ते सर्वस्व होते. नियमांच्या दृष्टीने लॅटिन अमेरिकेची बाजूही निराधार नव्हती, कारण तेथील मळ्यांवरही गरीब मजूरच राबत होते. अडचण अशी होती की संरक्षण काढून घेण्याचा वेग आणि नवी उपजीविका उभी करण्याचा वेग यांत मेळ नव्हता.

घसरण कशी झाली?

शुल्काची भिंत खचत असतानाच ब्रिटनमधील सुपरमार्केटांत केळ्याचा दर खाली आणण्याची चढाओढ लागली. केळे हे तेथील गिऱ्हाइकाला दुकानात खेचणारे फळ होते. दुकानदाराने सोडलेला पैसा अखेर उत्पादकाच्या दरातून वजा होत गेला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी विंडवर्ड बेटांची एकत्रित निर्यात अडीच लाख टनांहून अधिक होती. नव्या शतकाच्या आरंभी ती एक लाख टनांच्या खाली आली. केळी पिकवणारे शेतकरी वीस हजारांहून अधिक होते, ते पुढील दीड दशकात काही हजारांवर आले.

जे उरले त्यांपैकी अनेकांनी २००० पासून 'फेअरट्रेड' म्हणजे न्याय्य व्यापाराच्या चिन्हाखाली माल विकला. या व्यवस्थेत किमान दर आणि गावाच्या कामांसाठी वेगळी रक्कम मिळते. तिने काही काळ तग धरण्यास बळ दिले, पण घसरण रोखली नाही. २०१० च्या सुमारास 'ब्लॅक सिगाटोका' हा करप्याचा तीव्र प्रकार या बेटांवर पसरू लागला. फवारणीचा खर्च वाढला आणि उरलेसुरले गणितही बिघडले.

केळीचा पैसा आटला तसा सरकारचा महसूलही आटला. २००२ मध्ये डोमिनिकाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले. उत्पन्नावर चार टक्के स्थैर्य अधिभार लावण्यात आला, खर्चाला कात्री लागली आणि पुढे कर्जाची पुनर्रचना करावी लागली. तरुणांनी शेजारची बेटे, ब्रिटन आणि अमेरिका यांची वाट धरली. युरोपने जिनिव्हा करारासोबत दहा देशांसाठी १९ कोटी युरोचे साहाय्य जाहीर केले. त्यात डोमिनिकाचाही समावेश होता. पण बागा मोडल्यानंतर आलेले साहाय्य बागा परत आणू शकत नव्हते.

त्यावर निसर्गाचे घाव पडले. ऑगस्ट २०१५ मधील एरिका वादळातील पुराने देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे नव्वद टक्के हानी केली. अवघ्या दोन वर्षांनी, १८ सप्टेंबर २०१७ रोजी, मारिया हे सर्वोच्च तीव्रतेचे चक्रीवादळ बेटावरून गेले. त्या एका रात्रीची हानी आणि नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के असल्याचे नंतरच्या मूल्यांकनात नोंदले गेले. ज्या घरात दोन वर्षांची कमाई एका रात्रीत वाहून जाते, त्या घराची जी अवस्था होईल, तीच एका देशाची झाली. मारियानंतर बेटावरील रॉस विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय बार्बाडोसला हलले. त्याच्या विद्यार्थ्यांवर अवलंबून असलेली भाड्याची घरे, खानावळी आणि दुकाने यांचा आधार गेला.

नवा आधार, जुनीच गोष्ट

केळीची जागा कोणी घेतली? पर्यटन आणि त्याहून अधिक प्रमाणात नागरिकत्वाची विक्री. गुंतवणुकीच्या बदल्यात परदेशी व्यक्तीला नागरिकत्व देण्याची योजना डोमिनिकाने १९९३ मध्ये, म्हणजे युरोपची केळीव्यवस्था बदलली त्याच वर्षी, सुरू केली. पुढे सरकारी महसुलाचा मोठा हिस्सा तेथून येऊ लागला. वादळांनंतरची घरबांधणीही बऱ्याच अंशी याच पैशावर झाली.

पण या व्यवसायाचाही ग्राहक बाहेरचा आणि नियमही बाहेरचा आहे. डोमिनिकाच्या पारपत्राला मोल आहे ते त्यावर किती देशांत व्हिसाविना जाता येते यामुळे. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने डोमिनिकाच्या नागरिकांवर व्हिसाची अट घातली. २०२४ मध्ये बाह्य दबावापोटी चार कॅरिबियन देशांनी या योजनेचा किमान दर दोन लाख डॉलर करण्याचे मान्य केले. केळ्याच्या बाबतीत जे शुल्क होते, ते आता व्हिसा झाले. वस्तू बदलली, परावलंबन तेच राहिले.

नंजनगूड आणि जळगावशी याचा संबंध काय?

डोमिनिकाची गोष्ट दूरची वाटली तरी तिचे दोन धागे भारतात येऊन मिळतात. पहिला धागा रोगाचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्यातीचे केळे म्हणजे 'ग्रो मिशेल' ही एकच जात होती. जमिनीतील बुरशीने होणाऱ्या पनामा मर रोगाने जमैकासह अनेक देशांतील तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तिची जागा रोगाला तोंड देणाऱ्या कॅव्हेंडिश गटाने घेतली. याच मर रोगाने नंजनगूडच्या रसबाळ्याचेही क्षेत्र आक्रसले. एकदा जमिनीत शिरलेली ही बुरशी वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे शेतकरी नाइलाजाने दुसऱ्या जातींकडे वळले. ऊतिसंवर्धित, रोगमुक्त रोपांच्या आधारे रसबाळे पुन्हा रुजवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मानांकनाने नाव जपले जाते, पण पीक टिकते ते निरोगी जमीन आणि परवडणारा दर यांवर.

दुसरा धागा व्यापाराचा आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांची शेती केळीभोवती फिरते. तेथील केळी मुख्यतः कॅव्हेंडिश गटातील आहे. याच गटाला ग्रासणारा मर रोगाचा नवा प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळलेला आहे. शेजारच्या बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे खानदेशातील शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात आणि दर पडला की गावोगावी चिंता पसरते.

तरीही जळगावचा शेतकरी आणि डोमिनिकाचा शेतकरी यांत एक मोठा फरक आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश केळी भारतात पिकते, मात्र २०२२-२३ मधील निर्यात सुमारे ३ लाख ६० हजार टन, म्हणजे उत्पादनाच्या जेमतेम एक टक्का होती. बाकी सारी केळी देशातच खपते. दिल्लीचे व्यापारी, उत्तरेतील सणवार, घरोघरचा नैवेद्य आणि रस्त्यावरील हातगाडी हे सारे तिचे ग्राहक आहेत. परदेशातील एखाद्या निर्णयाने त्यांचे हात एकाच दिवशी आखडत नाहीत.

आता निर्यातीची दिशाही विस्तारत आहे. सोलापूर जिल्ह्यातील केळी आखाती देशांकडे जाते. २०२३ च्या अखेरीस बारामती येथून केळ्याचा प्रायोगिक कंटेनर समुद्रमार्गे नेदरलँड्सला रवाना झाला. ज्या युरोपच्या बाजाराने विंडवर्ड बेटांना घडवले आणि मोडले, त्याच बाजाराच्या दाराशी महाराष्ट्रातील केळे पोहोचले आहे. निर्यात वाढणे हिताचेच आहे. परंतु ज्या गावात सारी लागवड एकाच परदेशी ग्राहकाच्या मापाची, एकाच जातीची आणि एकाच कराराखाली होईल, त्या गावाने डोमिनिकाचा इतिहास जवळ ठेवावा, हे बरे.

जे टिकले ते

डोमिनिकाच्या घसरणीत एक व्यापार मात्र टिकून राहिला. तेथे 'हकस्टर' म्हणून ओळखला जाणारा लहान व्यापाऱ्यांचा वर्ग आहे आणि त्यात स्त्रियांचा भरणा मोठा आहे. या व्यापारिणी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून कच्ची केळी, सुरण-अळूसारखे कंद, लिंबूवर्गीय फळे आणि फुले घेतात, लहान जहाजांवर चढवतात आणि अँटिग्वा, ग्वाडलूप अशा शेजारच्या बेटांवर नेऊन विकतात. त्यांच्या मालात एकच वस्तू नसते आणि त्यांचा ग्राहकही एकच नसतो. मोठ्या बोटीच्या काळात हा व्यवसाय किरकोळ मानला जाई. बोट येईनाशी झाली, तेव्हा शेतकऱ्याच्या दारात येणारी गिऱ्हाईक हीच उरली.

देवराज मोहल्ल्यातील केळ्यांच्या ओळीचे मोल या पार्श्वभूमीवर वेगळे दिसते. २८ ऑगस्ट २०१६ रोजी देवराज बाजाराच्या उत्तरेकडील भाग कोसळला. त्यानंतर इमारत पाडून नवी बांधावी की जुनी सावरावी, हा वाद सुरू झाला. महापालिकेने पाडकामाची भूमिका घेतली. वारसाप्रेमींनी तिला विरोध केला. २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पाडकामाच्या निर्णयाला आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या. या वादात कमानी आणि मनोरे यांची चर्चा अधिक होते. पण तेथे पणाला लागलेली गोष्ट दगडचुन्याइतकीच व्यवहाराची आहे. अनेक जातींचा माल, अनेक विक्रेते आणि अनेक गिऱ्हाइके जेथे रोज एकमेकांना भेटतात, अशी जागा मोडणे सोपे असते आणि पुन्हा जुळवणे कठीण.

नंजनगूडच्या शेतकऱ्याने वाफ्यात पुन्हा रसबाळे लावले, तर त्याला ते विकायला ही ओळ हवी. तेथे त्या केळ्याला नावाने ओळखणारे आणि त्यासाठी चार पैसे अधिक मोजणारे गिऱ्हाईक आहे. डोमिनिकाचे केळे युरोपात गेले ते पेटीतून, एका कंपनीच्या शिक्क्याखाली. ते पिकवणाऱ्या गावाचे नाव गिऱ्हाइकाला कधी कळलेच नाही आणि म्हणून नियम बदलला तेव्हा त्या गावासाठी दुकानाच्या दारात कोणी थांबले नाही.